यादी त्यांची, नकार आपला

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या जगात ब्लॉकलिस्टइतकी बदनाम गोष्ट दुसरी नसेल. कुणाचं कोटेशन परत आलं, कुणाचा अर्ज पोहोचला नाही, की पहिलं बोट यादीकडे जातं. आक्षेप मुख्यतः तीन आहेत. कुणीही न निवडलेली मंडळी कुणाचं पत्र पोहोचावं हे ठरवतात, म्हणजे ही खासगी सेन्सॉरशिप झाली. दुसरा, सुक्याबरोबर ओलंही जळतं. आणि तिसरा, मजकूर वाचून स्पॅम ओळखणारे फिल्टर आल्यावर याद्यांची गरजच उरली नाही. यातला एकही आक्षेप हवेतला नाही. तरीही त्यांतून ‘याद्या वापरू नका’ हा निष्कर्ष निघत नाही. याद्या वापरल्याच पाहिजेत. मात्र पत्र नाकारण्याची जबाबदारी त्यांच्यावर ढकलता येणार नाही, ती सर्व्हर चालवणाऱ्याचीच राहते.

आधी यादी नेमकं काय करते ते पाहू. १९२.०.२.९९ या आयपी पत्त्यावरून कुणी मेल द्यायला आलं, की आपला सर्व्हर हे आकडे उलटे मांडतो, ९९.२.०.१९२, त्यांच्या शेवटी यादीचं डोमेन जोडतो आणि डीएनएसला विचारतो. नोंद नसेल तर असं नावच नाही, असं उत्तर येतं. नोंद असेल तर १२७.०.० ने सुरू होणारा एक पत्ता येतो आणि त्याचा शेवटचा आकडा कारण सांगतो. स्पॅमहाउस या याद्या चालवणाऱ्या संस्थेच्या ‘झेन’ यादीत २ म्हणजे स्पॅमचा माहीत असलेला उगम, ४ म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं यंत्र, १० किंवा ११ म्हणजे घरगुती ब्रॉडबँडसारखा पत्ता, जिथून थेट मेल येणं अपेक्षितच नसतं. पत्रातला एक शब्दही तोवर आलेला नसतो. यादीचं काम इथे संपतं. पुढे ‘५५४’ म्हणून पत्र नाकारायचं की आत घेऊन तपासायचं, हे आपल्या कॉन्फिगरेशनमधली ओळ ठरवते, आणि ती ओळ आपण लिहिलेली असते.

आता सेन्सॉरशिपचा आक्षेप. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ साली पहिली अशी यादी सुरू केली तेव्हापासून तो ऐकू येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे एक संस्थापक जॉन गिलमोर यांनी तर कुणालाही मेल पुढे पाठवू देणारा आपला ओपन रिले बंद करायला ठाम नकार दिला होता. त्यांची तळमळ खरी होती. पण बोलण्याच्या हक्कात दुसऱ्याच्या घरात शिरून बोलण्याचा हक्क येत नाही. लाखो मेल पाठवायला स्पॅमरला जवळजवळ काहीच पडत नाही. ते स्वीकारायला डिस्क, बँडविड्थ आणि माणसांचा वेळ समोरच्याचा जातो. शिवाय सेन्सॉर मजकूर वाचून कात्री चालवतो. पत्त्यांची यादी मजकूर पाहतच नाही, मेल कुठून येतंय एवढंच पाहते.

निरपराध भरडले जातात, हा आक्षेप मात्र मान्यच केला पाहिजे. शेअर्ड होस्टिंगवर शंभर दुकानांचा पत्ता एकच असतो. एकाची वेबसाइट हॅक झाली की नव्व्याण्णवांची मेल अडते. यादीवालेही अतिरेक करतात. २००७ साली फिशिंगची डोमेनं रद्द करण्यावरून वाद झाला, तेव्हा स्पॅमहाउसने ऑस्ट्रियाच्या डोमेन नोंदणी संस्थेचेच पत्ते यादीत घातले. हे समर्थनीय नव्हतं. पण पर्याय काय सुचवला जातो? मेल स्वीकारून स्पॅम फोल्डरमध्ये टाकणं. तिथे पाठवणाऱ्याला वाटतं पत्र पोहोचलं, घेणाऱ्याला ते आल्याचा पत्ता नसतो, आणि जीमेलसारख्या सेवेत ३० दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. याउलट दारातच नाकारलेलं मेल कारणासह परत जातं. टेंडरची मुदत संध्याकाळी असेल तर पाठवणारा दुपारीच फोन करू शकतो. चूक दोन्हीकडे होऊ शकते. कळणारी चूक सुधारता येते.

राहिला हुशार फिल्टरचा मुद्दा. पॉल ग्रॅहम यांच्या २००२ मधल्या लेखानंतर शब्दांच्या संभाव्यतेवर चालणारे फिल्टर रुळले आणि ते उपयोगी आहेतच. पण त्यांना संपूर्ण पत्र स्वीकारून वाचावं लागतं, आणि जे शब्द त्यांनी पुरेसे पाहिलेले नाहीत तिथे त्यांचा अंदाज कच्चा राहतो. मराठी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. यादीला देवनागरी आणि रोमन सारखीच.

आता उलट बाजूच्या चुकीचंही खंडन केलं पाहिजे. यादीचं नाव एकदा कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलं की काम झालं, असं मानणारे तिचे सर्वांत मोठे शत्रू आहेत. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी असंख्य सर्व्हर तिला विचारत राहिले. मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक प्रश्नाला ‘नोंद आहे’ असं उत्तर द्यायला सुरुवात केली आणि त्या सर्व्हरांनी येणारं प्रत्येक मेल नाकारलं. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरूसॉफ्टची यादी हल्ल्यांखाली कोलमडताना अख्खं जगच तिच्यात नोंदलं गेलं होतं. या घटनांत यादीचा दोष आहेच, पण सव्वा वर्ष मृत यादीला विचारत राहणाऱ्याचा दोष कमी कसा?

म्हणून वापर असा हवा. थेट नकारासाठी एखादीच सावध यादी ठेवावी. बाकीच्यांना फक्त गुण द्यावेत. पोस्टफिक्सचं पोस्टस्क्रीन आणि स्पॅमअसॅसिन दोन्ही ही सोय देतात. उत्तर आलं एवढंच न पाहता कोणतं आलं ते पाहावं. सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारलं तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असा त्रुटीचा इशारा देतं, तो नोंद समजणाऱ्याचं सगळंच मेल अडेल. यादी जिवंत आहे का, हे रोज तपासावं: १२७.०.०.२ नोंदलेला हवा, १२७.०.०.१ नको. नकार जोडणी चालू असतानाच द्यावा. मागाहून परत पाठवलेलं मेल खोट्या पत्त्यांवरच्या तिऱ्हाइतांना छळतं. नकाराच्या संदेशात कारण असावं आणि ‘पोस्टमास्टर’चा पत्ता यादीच्या तपासणीतून वगळलेला असावा, म्हणजे अडलेल्याला दाद मागता येईल. नाव काढण्यासाठी पैसे मागणारी यादी वापरूच नये. जानेवारी २०१२ च्या आरएफसी ६४७१ नेही ही प्रथा स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवली आहे.

एवढं केल्यावरही कधी चुकीचा माणूस अडेल. त्याचा फोन आला की ‘तुमचं नाव यादीत आहे, आम्ही काय करणार’ हे उत्तर देऊ नये. लॉग उघडावा, कोणत्या नोंदीमुळे नाकारलं ते सांगावं, आणि तो निर्दोष असेल तर त्याच दिवशी त्याचा पत्ता आपल्या मान्य यादीत घालावा. ज्याला हे करायची तयारी आहे त्यानेच ब्लॉकलिस्ट वापरावी, आणि त्याने ती निःशंक वापरावी.