नॉर्मल झाली, म्हणजे काय झालं?

आमच्या मुलीच्या जन्मानंतर अब्बा गावी मोहल्ल्यात पेढे वाटायला निघाले. प्रत्येक दारात ते आधी एकच गोष्ट सांगत होते. "नॉर्मल हुई, नॉर्मल." मुलगी झाली, वजन किती, आई कशी आहे, हे सगळं त्यानंतर. मी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होतो. मागे उंबऱ्यात माझी आपा तिच्या तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन उभी होती. तिचं सिझर झालं होतं. बाळ पायाळू होतं, नवव्या महिन्यातच डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तरीही चाळीस दिवसांच्या चिल्ल्यात तिला भेटायला आलेल्या बायकांनी तिच्यासमोरच म्हटलं होतं, "आजकल की लडकियांको दर्द सहन होताच नई." अब्बांनी पुन्हा एकदा "नॉर्मल" म्हटलं तशी आपा आत निघून गेली. मला ते दिसलं आणि मी काहीच बोललो नाही.

त्या दिवशी काय बोलायला हवं होतं, ते आज लिहितो आहे.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत. बायकोचं माहेर मिरजेचं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे आम्ही पुण्यातच राहायचं ठरवलं तेव्हा दोन्ही घरांत नाराजी झाली. कारण साधं होतं. बायकोला प्रसूतीच्या वेळी मी सोबत हवा होतो. पुण्यातही पहिल्या दवाखान्यात उत्तर मिळालं, "मिस्टर बाहेर थांबतील." कारणही पटण्यासारखं होतं. एकाच खोलीत दोन-तीन टेबलं, मध्ये नीट पडदा नाही, बाकीच्या बायकांनी काय करायचं? दुसऱ्या ठिकाणी प्रसूतीची खोली स्वतंत्र होती आणि रात्रभर थांबणारी अनुभवी सिस्टर होती. आम्ही तिथे नाव घातलं.

आपल्या घरांत दवाखाना निवडताना एक प्रश्न हमखास विचारला जातो : लेडी डॉक्टर आहे का? ती रात्री दोन वाजता तिथे असते का, हे कुणी विचारत नाही.

गुरुवारी रात्री कळा सुरू झाल्या. शुक्रवारी अकराच्या सुमारास आम्ही दवाखान्यात पोहोचलो. तपासून सिस्टर म्हणाल्या, गर्भाशयाचं तोंड चार सेंटीमीटर उघडलंय. मी मोबाइलवर एक ॲप घेऊन ठेवलं होतं. कळ आली की बटण दाबायचं, गेली की पुन्हा दाबायचं, त्याचा आलेख तयार होतो. (दुपारी अब्बांचा फोन आला, "जुम्मा पढा क्या?" मी खरं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ठीक है, उधरच रह.") चार वाजता पुन्हा तपासलं. अजून चारच.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. पाच तासांत काहीच प्रगती नाही, म्हणजे काहीतरी अडकलंय. आमच्या कामात एखादी प्रोसेस अशी थांबली की आपण ती मारून टाकतो आणि दुसरा मार्ग घेतो. बायको घामाने भिजली होती, माझा हात इतका घट्ट धरत होती की बोटं पांढरी पडत होती. मी बाहेर जाऊन डॉक्टरांना म्हणालो, "मॅडम, आता सिझर करून टाकूया का?"

डॉक्टर म्हणाल्या, "बाळाचे ठोके चांगले आहेत. आईचं बीपी चांगलं आहे, ती बोलतेय, चालतेय. घाई तुम्हाला झालीये."

आजवर आपण एकमेकांना सांगत आलो की खासगी दवाखाने पैशासाठी पोट फाडतात. मीही चारचौघांत हे बोललो होतो. आणि आमच्या बाबतीत सिझरची पहिली मागणी केली ती मी. बाळाला धोका होता म्हणून नव्हे, तर मला बायकोचं दुखणं बघवत नव्हतं आणि मोबाइलवरची रेघ पुढे सरकत नव्हती म्हणून.

पुढे सवड मिळाली तेव्हा मी त्या रेघेचा शोध घेतला. 1950च्या दशकात न्यू यॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन या डॉक्टरांनी पहिलटकरणींच्या प्रसूतीचे आलेख काढले. 1955च्या त्यांच्या अभ्यासात 500 स्त्रिया होत्या. त्यातून तोंड कोणत्या वेगाने उघडतं याचा एक सरासरी वक्र मिळाला. 1972मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी कागदावर एक तिरकी रेघ आखली : तासाला एक सेंटीमीटर. तिचा उपयोग फार शहाणपणाचा होता. दूरच्या केंद्रात डॉक्टर नाही, फक्त सुईण-नर्स आहे. बाईची प्रगती या रेघेच्या मागे पडली, तर तिला मोठ्या दवाखान्यात वेळेवर पाठवायचं. म्हणजे ती रेघ मूळची "आता गाडी बोलवा" सांगणारी खूण होती. ऑपरेशन उरकून टाका, असं तिने कधी सांगितलं नव्हतं. पण जगभरच्या प्रसूतिगृहांत हळूहळू तासाला एक सेंटीमीटर हा नियमच होऊन बसला. सरासरीची डेडलाइन कशी होते, हे आयटीत काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

2010मध्ये अमेरिकेतल्या 19 दवाखान्यांतल्या 62 हजारांहून जास्त प्रसूतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की चारवरून पाच सेंटीमीटर व्हायला सहा तासांहून जास्त लागू शकतात, आणि तरीही बाळ सुखरूप, नैसर्गिकपणे जन्मतं. 2018मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं की तासाला एक सेंटीमीटर ही अपेक्षा काही स्त्रियांसाठी अवास्तव आहे. खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरावा. आई आणि बाळ ठीक असतील, तर केवळ वेग कमी म्हणून हस्तक्षेप करू नये.

आमच्या सिस्टरने ही कागदपत्रं वाचली होती की नाही, मला ठाऊक नाही. तिने बायकोला खाटेवरून उठवलं आणि व्हरांड्यात चालायला लावलं. दर अर्ध्या तासाने पोटावर यंत्र लावून ठोके ऐकले. मला कंबरेखाली, माकडहाडाच्या वर तळहाताने दाब कसा द्यायचा ते दाखवलं आणि दरडावलं, "मोबाइल ठेवा आता." सात वाजता पाच सेंटीमीटर झालं. रात्री एकनंतर सगळं वेगाने घडलं. शनिवारी फजरच्या थोडं आधी मुलगी जन्मली आणि पुसून तशीच आईच्या छातीवर ठेवली. मी कानात अजान देऊ लागलो तर आवाज फुटेना. बायको म्हणाली, "हळू. घाबरेल ती."

आता सांगा, यात बायकोच्या हिमतीचा भाग किती, खानदानाचा किती? हिंमत होतीच, पण आपाकडेही ती कमी नव्हती. फरक पडला तो बाळ पायाळू नसल्यामुळे आणि रात्रभर थांबायला माणूस असल्यामुळे. पहिली गोष्ट नशिबाची. दुसरी पैशाची, व्यवस्थेची.

आकडे हेच बोलतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या एकूण प्रसूतींपैकी 21.5 टक्के सिझर होत्या. सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के, खासगीत 47.4 टक्के. महाराष्ट्राचा एकूण आकडा 25.4. खासगीत निम्म्या बायकांची अंगकाठी बदलते असं तर नाही! लोभ कुठे असेलच. पण छोट्या नर्सिंग होमचं गणित बघा. एकच डॉक्टर, दिवसभर ओपीडी, रात्री थांबायला प्रशिक्षित सुईण नाही. नैसर्गिक प्रसूतीला अठरा-वीस तास लक्ष द्यावं लागतं, सिझर तासाभरात होतं. शिवाय काही बिघडलं तर बाहेर पंचवीस नातेवाईक उभे असतात आणि ते आधी ओरडतात, मग ऐकतात. त्या गर्दीत मीही होतो.

दुसरीकडे सरकारी दवाखान्यात सिझर कमी म्हणून सगळं छान, असंही नाही. अनेक जणींना तिथे कळा एकटीने काढाव्या लागतात. केंद्र सरकारच्या 2017च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी, आदराने वागवावं हे लिहिलेलं आहे. 2018मध्ये सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वंही आली, नर्सना दीड वर्षाचं खास प्रशिक्षण देऊन सामान्य प्रसूती त्यांच्या हाती सोपवायची. ज्या नागरी प्रश्नांवर आपण निवेदनं देतो, त्यांत आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात अशा किती सुईणी आल्या हा प्रश्न मी अजून पाहिलेला नाही.

यावर घरातली मोठी माणसं म्हणतात, "हमारे टैम को कहां थे डाक्टर? घरमेंच हुए सब." खरंय. माझ्या दादीची नऊ बाळंतपणं घरीच झाली. जगली पाच मुलं. उरलेल्या चारांची नावं दादीला शेवटपर्यंत पाठ होती, पण "सब घरमेंच हुए" म्हणताना ती मोजली जात नाहीत. महाराष्ट्रात 2004-06मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे 130 माता दगावत होत्या, 2018-20मध्ये हा आकडा 33वर आला. बायका दवाखान्यात पोहोचू लागल्या, रक्त मिळू लागलं, गरज पडली तर वेळेवर सिझर झालं, याचा त्यात मोठा वाटा आहे. आपाचं सिझर त्यातलंच एक. म्हणून नैसर्गिक प्रसूतीच्या नावाखाली कुणी घरीच करा म्हणत असेल, तर मी त्याच्या विरोधात आहे.

दुसरा मुद्दा दीनचा काढला जातो. दर्द सोसण्यात सवाब आहे, मग सुईचं इंजेक्शन कशाला, आराम कशाला? कुरआनात बीबी मरियमच्या प्रसूतीचा प्रसंग आहे. कळांनी हैराण होऊन ती खजुराच्या बुंध्याशी येते आणि यापेक्षा आधीच मरण आलं असतं तर बरं, असं तिच्या तोंडून निघतं. इतकी पवित्र स्त्री, तरी दुखण्याने असं बोलते आणि तिला कुणी झापत नाही. उलट दुःख करू नकोस असा दिलासा येतो. पायाशी पाणी आहे, झाड हलव, खजूर खा, पाणी पी. म्हणजे तिला धीर मिळतो, खायला मिळतं, प्यायला मिळतं. प्रसूतीच्या वेळी धोका नसलेल्या बाईला खाऊ-पिऊ द्यावं, ही शिफारस आज जागतिक आरोग्य संघटनाही करते. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी अजून घोटभर पाण्यासाठीही बाईला विनवण्या कराव्या लागतात. पायात गोळे येईपर्यंत गप्प पडून राहणं म्हणजे सब्र, हे त्या प्रसंगात मला कुठे सापडलं नाही.

राहिलो आपण पुरुष. "औरतों का काम है" म्हणून बाहेर चहा पीत थांबायची आपली परंपरा आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला बाळंतपणासाठी 15 दिवसांची रजा मिळते, खासगी नोकरीत तशी कायद्याने सक्ती नाही. माझ्या कंपनीने पाच दिवस दिले. त्यातले दोन दवाखान्यातच गेले. उरलेली रजा मी माझ्या खात्यातून काढली, तर टीमलीडने विचारलं, "घरी आई नाहीये का?" रोजंदारीवरच्या, गॅरेजमधल्या, फळाच्या गाडीवरच्या आपल्या पोरांना हे पाच दिवसही नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी कळांची एक रात्र आणि आधीच्या दोन-तीन तपासण्या, एवढं बहुतेकांना जमण्यासारखं आहे. जमत नसेल तर निदान तिला हवी ती बाई आत राहील, एवढं तरी दवाखान्याशी आधी बोलून ठेवा. रात्री कोण असतं, चालू देता का, पाणी देता का, सिझर करायची वेळ आली तर कारण आम्हाला समजावून सांगाल का, हे सातव्या महिन्यात विचारा. सतवाशाच्या जेवणाची यादी आपण तेव्हाच करतो ना!

मी त्या रात्री नेमकं काय केलं, हे बायकोला नंतर विचारलं. ती म्हणाली, "विशेष काही केलं नाहीस. पण बाहेर निघून गेला असतास, तर मी ते विसरले नसते."

महिन्याने आपा पुण्याला आली. बाळाला मांडीवर घेऊन तेल लावत बसली होती. मी म्हटलं, "आपा, उस दिन अब्बा जो बोल रहे थे…" तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "उन्हे मालूम नई. तेरेको तो मालूम था." मग तिने पहिल्यांदाच तिच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं. भूल दिल्यावर दातांवर दात वाजेपर्यंत थंडी भरली होती, हात धरायला कुणी नव्हतं, आणि बाळ रडल्याचा आवाज आला तेव्हा ते कुणाचं रडतंय हे तिला काही क्षण कळलंच नव्हतं. मी अब्बांना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि म्हणालो, आपाला पुन्हा सगळं सांगू दे, तुम्ही ऐका.