दीड किलोचा हिशोब

28 जुलै 2024 रोजी बेल्जियममधील स्पा येथे झालेली फॉर्म्युला वन शर्यत जॉर्ज रसेलने जिंकली आणि काही तासांतच वजनकाट्यावर गमावली. त्याची गाडी 796.5 किलो भरली. किमान मर्यादा होती चालकासह, इंधन वगळून, 798 किलो. विजेतेपद मर्सिडीज संघातील त्याचाच सहकारी लुईस हॅमिल्टन याच्याकडे गेले.

दोघांच्या गाड्या एकाच बनावटीच्या, म्हणून तुलनेचा मोह होतो. 44 फेऱ्यांत हॅमिल्टनने दोनदा टायर बदलले. रसेलने दहाव्या फेरीला एकदाच बदलले आणि उरलेल्या 34 फेऱ्या त्यांवरच काढल्या. शेवटी हॅमिल्टनचे टायर 16 फेऱ्यांनी नवे होते, तरी रसेल अर्ध्या सेकंदाने पुढे राहिला. यावरून रसेल टायर अधिक जपतो असे म्हणणे सोपे आहे. मला ते घाईचे वाटते.

झिजलेला टायर गाडीला मंद करतो, पण इंधन जळून गाडी हलकीही होत जाते. ढोबळमानाने दहा किलो भार उतरला की फेरीमागे 0.3 सेकंद वाचतात. त्यामुळे फेरीची वेळ तीच राहिली तरी झीज चालूच असते. पॅरासिटामॉल दिल्यावर तापाचा तक्ता खाली येतो, संसर्ग मात्र आहे तिथेच असतो, तसेच हे. शिवाय मागची गाडी पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत पकड गमावते, तिचे टायर अधिक तापतात. रसेलच्या मागे अडकलेल्या हॅमिल्टनची शेवटच्या फेऱ्यांतली वेळ ही त्याच्या टायरची खरी परीक्षा नव्हेच. मोकळ्या हवेतल्या, सारख्या इंधनाच्या फेऱ्या निवडून ताडल्या तर काही बोलता येईल.

वजनाचे कोडे त्यापेक्षा सोपे. 34 फेऱ्यांत बरेच रबर गेले. इतरत्र शर्यतीनंतरच्या सावकाश फेरीत रस्त्यावरचे रबराचे तुकडे गरम टायरना चिकटतात, थोडे वजन परत येते. सात किलोमीटरच्या स्पावर ती पूर्ण फेरी होत नाही. संघाच्या खुलाशात टायरबरोबर गाडीच्या तळाची झिजलेली फळी आणि चालकाचे घटलेले वजनही आहे.

ही शेवटची बाब आमच्या खात्यातली. अग्निरोधक कपड्यांत, तापलेल्या कॉकपिटमध्ये सव्वा तास बसणाऱ्याचा घाम लिटरमध्ये मोजावा लागतो, आणि एक लिटर म्हणजे जवळपास एक किलो. डायलिसिसच्या रुग्णाचे वजन आम्ही आधी आणि नंतर घेतो. रबर किती गेले आणि घाम किती, हे वेगळे करायचे तर चालकालाही तसेच दोनदा काट्यावर उभे करावे लागते.