पडद्यावरचा नकाशा आणि टेबलावरचा आकडा

मतमोजणी सकाळी आठ वाजता सुरू होते, आणि नियमानुसार सर्वप्रथम टपाली मतपत्रिका मोजावयास घेतल्या जातात. मतदानयंत्रांतील मतांची मोजणी त्यानंतर अर्ध्या तासाने सुरू होऊ शकते. परंतु वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर मात्र आठाचे ठोके पडतात न पडतात तोच नकाशा रंगू लागतो. निवेदक एका भल्यामोठ्या काचफलकापुढे उभा राहतो, बोटाने एखाद्या जिल्ह्याला स्पर्श करतो, तो जिल्हा फुगून पुढे येतो, त्यातून स्तंभ उगवतात आणि विधानभवनाची प्रतिकृती जमिनीतून वर येऊन त्यातली आसने भराभर रंगू लागतात. घराघरांतून हे दृश्य पाहणाऱ्या प्रेक्षकाचा असा समज होतो की, जे दिसते आहे ते घडलेले आहे. वस्तुतः त्या घटकेला फार थोडे घडलेले असते.

हे नवे तंत्र वाईट आहे, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. आकड्यांचे जंगल सामान्य माणसाला समजेल अशा रीतीने उलगडून दाखविणे हे मोलाचे लोकशिक्षण आहे. तथापि असे तंत्र कक्षात आणून बसविणे म्हणजे केवळ पडदा विकत घेणे नव्हे, याचा विसर पडला की काय होते, हे गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासात पुरेसे नमूद आहे.

दिव्यांची रोषणाई आणि खरे यंत्र

१९५२ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री सीबीएस या कंपनीने ‘युनिव्हॅक’ नावाच्या संगणकाचा उपयोग केला. कक्षात प्रेक्षकांना दिसत होती ती लुकलुकणाऱ्या दिव्यांची एक नकली पाटी. खरा संगणक फिलाडेल्फियात होता. मते थोडीच मोजून झाली असताना त्या यंत्राने आयझेनहॉवर यांना ४३८ निर्वाचक मते मिळतील, असे भाकीत केले. लढत अटीतटीची होणार, असे जाणकारांचे मत होते. त्यामुळे हे भाकीत कोणालाच पटले नाही व ते दाबून ठेवण्यात आले. अखेर आयझेनहॉवर यांना ४४२ मते मिळाली आणि आपण यंत्रावर अविश्वास दाखविला, अशी कबुली त्याच रात्री प्रेक्षकांपुढे द्यावी लागली.

अठ्ठेचाळीस वर्षांनी चक्र उलटे फिरले. ७ नोव्हेंबर २००० च्या रात्री अमेरिकी वाहिन्यांनी फ्लोरिडा राज्य आधी गोर यांच्या रंगात रंगविले, नंतर ते पुसले, पहाटे दोनच्या सुमारास बुश यांच्या रंगात रंगविले आणि चारच्या सुमारास तेही पुसले. त्या रात्री व्होलुशिया परगण्याच्या आकडेवारीत झालेल्या एका संगणकीय चुकीने गोर यांची मते सोळा हजारांहून अधिक संख्येने वजा दाखविली होती. वाहिन्या निरनिराळ्या असल्या तरी आकडे पुरविणारी मुख्य यंत्रणा सर्वांची एकच होती. त्यामुळे एकाचे चुकले की सगळ्यांचे चुकले. अंतिम फरक निघाला अवघा ५३७ मतांचा. गमतीची गोष्ट अशी की, त्या रात्रीचे सर्वांत अचूक ‘ग्राफिक’ कोणत्याही संगणकाने काढले नव्हते. टिम रसर्ट या पत्रकाराने हातातल्या छोट्या पांढऱ्या पाटीवर ‘फ्लोरिडा’ हा शब्द तीनदा लिहून दाखविला होता. निवडणुकीचे सारे मर्म त्या पाटीत होते.

ब्रिटनमध्ये बीबीसीने १९५५ साली वापरलेला आणि पुढे प्राध्यापक रॉबर्ट मॅकेन्झी यांनी लोकप्रिय केलेला ‘स्विंगोमीटर’ म्हणजेही मुळात एक तबकडी व एक काटा. एका पक्षाकडून दुसऱ्याकडे मते किती टक्के झुकली की किती जागा फिरतात, एवढेच तो काटा सांगे. साधन साधे होते, पण त्यामागे विचार होता. आज साधन अवाढव्य झाले आहे. विचार तेवढा वाढला आहे काय, हा प्रश्न आहे.

चाळीस सहस्रांश सेकंदांचा मेळ

कक्षातून विधानभवन उगवते ते कसे? निवेदकाच्या पुढ्यात प्रत्यक्षात रिकामी जमीन असते. त्याला ती इमारत दिसत नाही. बाजूच्या मॉनिटरकडे चोरटी नजर टाकून तो हात करतो. कॅमेरा कोठे आहे, किती वळला, भिंगाने दृश्य किती जवळ आणले, याची मोजमापे कॅमेऱ्यावर बसविलेली साधने संगणकाकडे सतत पाठवितात. आपल्याकडे दूरचित्रवाणीचे चित्र सेकंदाला पंचवीस चौकटींचे असते, म्हणजे एका चौकटीला चाळीस सहस्रांश सेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत संगणकाला त्याच कोनातून इमारत रेखाटावी लागते. या कामाला एक-दोन चौकटींचा उशीर होतोच. म्हणून कॅमेऱ्याचे चित्रही तेवढेच रोखून धरावे लागते आणि आवाजही तितकाच मागे ठेवावा लागतो, अन्यथा ओठ आणि शब्द यांची फारकत होते. सर्व कॅमेरे व संगणक एकाच स्पंदनावर चालावे लागतात. यात कोठे मेळ चुकला तर इमारत जमिनीवरून घसरू लागते आणि निवेदकाचा पाय भिंतीतून आरपार गेलेला दिसतो.

स्पर्शफलकाची कथाही अशीच आहे. फलकाचा प्रकाश व कक्षातील दिव्यांचा प्रकाश जुळले नाहीत तर माणसाचा चेहरा निळसर पडतो. निवेदक चुकीच्या बाजूला उभा राहिला तर विदर्भ त्याच्या खांद्याआड जातो. ऐन वेळी फलक गोठला तर दुसरा संगणक तयार ठेवावा लागतो, आणि तोही बंद पडला तर हातातल्या कागदावरून बोलता येईल, असा निवेदक असावा लागतो. ४ नोव्हेंबर २००८ रोजी सीएनएनने आपल्या वार्ताहराची त्रिमिती प्रतिमा कक्षात ‘अवतरविली’, त्यासाठी शिकागोत तिच्याभोवती पस्तीस कॅमेरे लावले होते. जगभर तिची चर्चा झाली. पण त्या प्रतिमेने प्रेक्षकाच्या निवडणूकविषयक ज्ञानात काडीची भर घातली नाही.

याउलट २०२० सालचा अनुभव पाहा. पेनसिल्व्हेनियात मतदान केंद्रांवरील मते आधी मोजली जात होती, टपाली मते मागाहून. प्रारंभीची आघाडी ट्रम्प यांची होती. जॉन किंग यांच्यासारखे निवेदक स्पर्शफलकावर एकेक परगणा उघडून, कोठली मते मोजावयाची राहिली आहेत आणि ती कोणत्या प्रकारची आहेत, हे तासन् तास समजावून सांगत होते. ३ नोव्हेंबरच्या मतदानाचा कौल वाहिन्यांनी जाहीर केला तो ७ नोव्हेंबरला. तोवर धीर धरला गेला, तो काय मोजले आहे याबरोबरच काय मोजलेले नाही, हेही पडद्याने दाखविल्यामुळे. परस्परसंवादी ग्राफिक्सचे खरे सामर्थ्य येथे आहे.

नकाशाचा भ्रम

आपल्याकडे काय होते? ८ नोव्हेंबर २०१५ रोजी बिहारच्या मतमोजणीत पहिल्या तासाभरात वाहिन्यांच्या पडद्यांवर राष्ट्रीय लोकशाही आघाडी पुढे होती. दुपारपर्यंत चित्र पालटले आणि महाआघाडीने २४३ पैकी १७८ जागा जिंकल्या. १ जून २०२४ च्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांचे स्तंभ झळकले, त्यांत सत्ताधारी आघाडीला बहुतेकांनी साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या. ३ जूनला मुंबईचा निर्देशांक सुमारे अडीच हजार अंशांनी चढला आणि ४ जूनला, त्या आघाडीला २९३ जागा मिळाल्याचे स्पष्ट होताना, तो सुमारे ४,४०० अंशांनी कोसळला. रंगीत स्तंभांवर विसंबून ज्याने आदल्या दिवशी भविष्यनिधीची पुंजी बाजारात घातली असेल, त्याला ग्राफिक ही केवळ शोभेची वस्तू नसते, हे वेगळे सांगावयास नको.

नकाशा तर आणखी फसवा. गडचिरोली-चिमूर हा लोकसभा मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. पडद्यावर तो मोठा रंगीत पट्टा दिसतो. मुंबईचे सहा मतदारसंघ मिळून त्याच पडद्यावर एक ठिपका होतो. लोकसभेत मात्र त्या पट्ट्याला एक मत आणि त्या ठिपक्याला सहा. जमीन मतदान करीत नाही, माणसे करतात. पण नकाशा जमिनीला रंग देतो. २०२४ साली महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या, एक जागा सांगलीत अपक्षाकडे गेली. रंगांवरून कौल एकतर्फी वाटला. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या मतांच्या टक्केवारीत एका टक्क्याचेही अंतर नव्हते. वायव्य मुंबईत तर निकाल ४८ मतांनी लागला. पडद्यावर ४८ मतांचा विजय आणि दोन लाखांचा विजय एकाच गडद रंगाचा असतो.

यात भाषेचाही प्रश्न आहे. मतदारसंघांची नावे रोमन लिपीतल्या यादीतून उचलून यंत्राने देवनागरीत उतरविली, तर माढ्याचा ‘माधा’ आणि हातकणंगल्याचा ‘हातकनंगले’ होण्यास वेळ लागत नाही. शाळेत शुद्धलेखनाचे धडे गिरविणाऱ्या मुलांपुढे पडदा रोज असे धडे घालू लागला, तर शिक्षकाने फळ्यावर काय लिहावे?

काय करावयास हवे?

उपाय अवघड नाहीत. पहिला असा की, ‘आघाडी’ आणि ‘विजय’ यांना एकच रंग देऊ नये. मोजणी चालू असलेला मतदारसंघ रेषांनी भरावा, अधिकृत निकालानंतरच तो पूर्ण रंगवावा, आणि किती फेऱ्यांपैकी किती झाल्या, हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहावे. दुसरा, भौगोलिक नकाशाबरोबर प्रत्येक मतदारसंघाला सारखा चौकोन देणारा नकाशाही दाखवावा. तिसरा, आकडा निवडणूक आयोगाच्या फेरीनिहाय नोंदीतून आला की वाहिनीच्या वार्ताहराने कळविला, हे स्पष्ट सांगावे. चौथा व सर्वांत महत्त्वाचा असा की, आकडे आणि पडदा यांच्यामध्ये एक जबाबदार मनुष्य बसवावा, आणि शंका येताच चित्र थांबविण्याचा अधिकार त्याला असावा. व्होलुशियाचा वजा आकडा एखाद्या हिशेबनिसाच्या नजरेस वेळीच पडता, तर त्याने लेखणी खाली ठेवली असती. यंत्राला वजा आकड्याचे नवल वाटत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, शेजारची वाहिनी आधी रंग भरील आणि प्रेक्षक तिकडे जाईल. ही अडचण खरी आहे, आणि स्पर्धेत टिकावयाचे असल्यास ती झटकून टाकता येणार नाही. परंतु मतदान चालू असताना मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध करण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ (अ) ने बंदी केली, तेव्हा कोणतीही वाहिनी बुडाली नाही. कारण बंधन सर्वांना सारखे होते. आघाडी दाखविण्याची रीत वाहिन्यांनी आपसांत ठरवून घेतली, तर घाईचा लाभ कोणालाच राहणार नाही, आणि सरकारला त्यात हात घालण्याचे निमित्तही उरणार नाही.

या स्तंभाच्या वाचकांपैकी अनेकांनी निवडणुकीचे काम केलेले आहे. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून बसणारा शिक्षक नमुना १७-क वर नोंदविलेल्या मतांचा हिशेब लिहितो आणि खाली सही करतो. मोजणीच्या टेबलावरचा पर्यवेक्षक त्याच नमुन्याच्या दुसऱ्या भागात उमेदवारनिहाय मते लिहितो आणि खाली सही करतो. आकडा चुकला तर कोणाला विचारावयाचे, हे त्या सहीवरून कळते. पडद्यावरचा आकडा मात्र बेनामी असतो. तो येतो, चमकतो आणि चुकला तर निमूटपणे बदलतो. कोट्यवधींचे फलक आणि कॅमेरे कक्षात बसविताना एवढी एक गोष्टही बसवून घ्यावी की, दाखविलेल्या प्रत्येक आकड्याचा कोणीतरी धनी असेल, आणि तो चुकला तर ज्या आकारात चूक दाखविली त्याच आकारात दुरुस्तीही दाखविली जाईल. तशी सोय झाली तर निवेदकाच्या बोटाखाली उगवणाऱ्या त्या स्तंभांवर विश्वास ठेवावयास प्रेक्षकाला काहीच अडचण वाटणार नाही.