ताळेबंदात सावित्री कुठे आहे?

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पाण्यावरील हक्क बजावला गेला. त्याच महाडच्या रासायनिक कारखान्यांच्या ताळेबंदात सावित्री नदीला रकाना नाही. सांडपाणी शुद्धीकरणाचा खर्च लिहिला जातो. नासलेल्या पाण्याची किंमत नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ५ कोटी वा अधिक निव्वळ नफा असलेल्या कंपनीस तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यासाठी ठरविले. म्हणजे दानाची नोंद सक्तीची, देण्याची नाही! पाणी व सांडपाण्याचा तपशील ‘सेबी’ मागते, तो बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांकडून. लहान खासगी कारखाने त्यातून सुटतात. तेव्हा हा हिशेब प्रत्येक कारखान्याने दरवर्षी नदीकाठच्या ग्रामसभेपुढे मांडावा, असा कायदा झाला पाहिजे.