जरा सरकून बसा



थंडीला अर्ज करता येत नाही, नाहीतर "सदर थंडी त्वरित कमी करण्यात यावी, ही विनंती" असे लिहून मी केव्हाच सही ठोकली असती. कारकुनाला दुसरे येते काय! आमच्या नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ ला तोच ३.५ वर उतरला. समुद्र लांब, आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्रभरात सगळी ऊब गमावून बसते. आभाळात ढग आले की थंडी कमी होते ती यामुळेच. ढग म्हणजे जमिनीची गोधडीच.

पण खरे सांगतो, हेच दिवस मला आवडतात. सकाळी नळावर नंबर लावून उभे राहावे तर कुंपणाच्या तारेवरचे कोळ्याचे जाळे दवाने भरलेले दिसते. सांडलेल्या पाण्याशी धोबी पक्षी शेपूट वरखाली करीत फिरत असतो. हिमालयाकडून आलेला पाहुणा, पण रुबाब असा की नळ जणू त्याच्याच नावावर आहे. बाजारात संत्री येतात, तुरीच्या ओल्या शेंगा येतात. घरात सोलेभात शिजला की शेजारच्या तीन घरांत वाटी जातेच. नाही गेली तर वाटी घेऊन शेजारणी येतात.

संध्याकाळी मोकळ्या जागेत शेकोटी पेटते. नियम एकच, येणाऱ्याने एक तरी काटकी आणावी. टायर आणि प्लास्टिक मात्र आणू नये, तो विषारी धूर थंडीत वर जात नाही, वस्तीवरच रेंगाळतो. शेकोटीपुढे तोंड भाजते नि पाठ गारठते, त्यामुळे भाकरीसारखे स्वतःला उलटावे लागते. त्यात सगळे माकडटोप्यांत! परवा एका पोराला मी "अभ्यास सोडून इथे काय करतोस रे?" म्हणून दरडावले. टोपी निघाली तर आमचे निवृत्त हेडक्लार्क!

सगळे हसत होते. तेवढ्यात उजेडाच्या पलीकडे एक बाई कडेवर पोर घेऊन उभी दिसली. शेजारच्या प्लॉटवर बांधकामासाठी छत्तीसगडहून आलेली मंडळी पत्र्याच्या खोपटात राहतात, त्यांतली. तिने हळूच विचारले, "बैठें क्या?"

त्या दोन शब्दांनी मला माझे वडील आठवले. गावच्या शेकोटीपासून दहा हात लांब बसायचे ते दिवस त्यांनी पाहिलेले. म्हणायचे, "बाबू, आपल्यापर्यंत नुसता उजेड यायचा. ऊब नाही."

मी काही बोलणार त्याआधीच आमच्या लाइनीतल्या आजी कडाडल्या, "सरका रे जरा! ये वो माय, बस."

ती बसली. बोलता बोलता कळले की आदल्या रात्री घमेल्यात कोळशाचे निखारे घेऊन, दार लावून, सगळे खोपटात झोपले होते. सकाळी तिचे डोके फुटायला आले, पोर दोनदा ओकले. माझ्या पोटात धस्स झाले. बंद जागेतल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते, आणि त्या झोपेतून माणूस उठतच नाही. आपल्याकडेही बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून शेगडी ठेवतात. कृपा करून ठेवू नका. शेक देऊन झाला की शेगडी खोलीबाहेर काढा, खिडकी उघडी ठेवा.

दुसऱ्या दिवशी मायलेकरांना दवाखान्यात दाखवून आणले. घमेले खोपटाबाहेर गेले. महिला मंडळाने दोन गोधड्या द्यायचे ठरवले, पण आजींनी त्या अडवून धरल्या. "आधी धुवा, उसवलेलं शिवा, मग द्या. आपल्याला कोणी फाटकं दिलं तर कसं वाटतं ते विसरल्या का?" दोन दिवस त्या स्वतः दारात उन्हात बसून टाके घालत होत्या.

परवा संध्याकाळी ती बाई सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे ओटीभर घेऊन आली आणि आजींच्या शेजारी जाऊन बसली. आजींनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले. "तू रे? रोज नुसतं भाषणच आणतोस!"

उद्या ऑफिसातून येताना काटक्या गोळा करायच्या आहेत.