मेंदूचं टॉनिक आणि बीपीची गोळी

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना हातात पडणाऱ्या औषधांच्या यादीत सिटिकोलिन पुष्कळदा असतं. मेडिकलवाल्याला विचारावं, "ही कशाची?" तर तो सांगतो, "मेंदूच्या ताकदीची." बिलात बहुतेकदा तीच पट्टी महाग निघते. आणि पैसे कमी पडले की मुलगा काटछाट कुठे करतो? बीपीच्या गोळीत. "बीपी तर आता नॉर्मल आहे की!"

या ताकदवाद्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. रक्तवाहिनी तुंबली की मधला गाभा लवकर मरतो, पण भोवतालचा भाग काही तास अर्धमेल्या अवस्थेत तग धरतो. तिथे ग्लुटामेट साचतं, पेशींत कॅल्शियम घुसतं आणि पेशी स्वतःलाच पोखरू लागते. ही साखळी औषधाने मध्येच तोडली तर मेंदू वाचेल, असा हा तर्क. प्रयोगशाळेतल्या उंदरांनी त्याला भरभरून साक्षही दिली. 2006 सालच्या एका मोजदादीत अशा 1,026 उपायांची नोंद झाली. त्यांतले 114 माणसांपर्यंत पोचले होते. मेंदूच्या पेशी वाचवण्याच्या कसोटीवर यांतलं एकही औषध माणसात निर्विवादपणे उतरलं नाही. एनएक्सवाय-059 या औषधाने 2006 मध्ये आशा लावली आणि पुढच्याच वर्षी मोठ्या चाचणीत नांगी टाकली. खुद्द सिटिकोलिनची परीक्षा सुमारे 2,300 रुग्णांवर झाली. निकाल 2012 मध्ये आला: नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा कणभरही सरस नाही.

उंदराला जमलं ते माणसाला का नाही? उंदराची वाहिनी प्रयोग करणारा स्वतः बंद करतो, घड्याळ त्याच्या हातात असतं, उंदीरही बहुधा तरुण आणि धडधाकट. आपल्याकडचा रुग्ण सत्तरीचा, मधुमेही. रात्री झोपताना ठीक असतो आणि सकाळी उठतो तो हात लुळा घेऊनच. अंगावरून वारं गेलं म्हणत घरचे आधी तेल चोळतात, मग गाडी शोधतात. शिवाय औषध जातं रक्तातूनच. जिथे रक्त पोचत नाही, तिथे ते कुठल्या वाटेने पोचणार?

म्हणून मेंदूचं खरं संरक्षण म्हणजे वाट मोकळी करणं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा फायदा 1995 मध्ये सिद्ध झाला. आज ते साडेचार तासांच्या आत देतात. मोठी वाहिनी तुंबली असेल तर नळी घालून गुठळी ओढून काढता येते. 2015 च्या चाचण्यांनी ते पक्कं केलं, आणि निवडक रुग्णांत ही मुदत 24 तासांपर्यंत गेली आहे. उशिराची किंमतही मोजली गेली आहे: मोठ्या वाहिनीच्या झटक्यात मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी.

स्मृतिभ्रंशाचीही तीच कथा. जिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्या 3,000 हून अधिक वृद्धांना वर्षानुवर्षं देऊन पाहिल्या. स्मृतिभ्रंश काही कमी झाला नाही, हे 2008 मध्ये कळलं. उलट वरचा रक्तदाब 120 च्या खाली ठेवलेल्या गटात स्मरण-विचारशक्तीची सौम्य घसरण कमी आढळली, असं 2019 चा अभ्यास सांगतो. बीपीच्या गोळीच्या खोक्यावर मात्र मेंदूचं चित्र नसतं.

"पण घेतली तर नुकसान काय?" असं विचारणारे भेटतातच. नुकसान पैशाचं, आणि बीपीच्या गोळीचा पैसा तिथे जातो त्याचं. संशोधकांनी शोध जरूर चालू ठेवावा; हरकत आहे ती न सिद्ध झालेलं औषध आजच विकण्याला.

तेव्हा यादी समोर आली की डॉक्टरांना सरळ विचारा, यातली कुठली गोळी बंद केली तर चालेल आणि कुठली मुळीच चालणार नाही. आणि कुणाचं तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवून 108 ला फोन करा. सीटी स्कॅन असलेलंच रुग्णालय गाठा. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. तोवर घरात अ‍ॅस्पिरिन देऊ नका, पाणीही पाजू नका.