रॅक कोण लावतो?

नाइन-बॉल पूलमध्ये 9 बॉल पत्त्यातल्या चौकटच्या आकारात रचतात. 1 नंबर टोकाला, 9 मधोमध. हाच रॅक. ब्रेक मारणाऱ्यानेच तो लावला आणि मुद्दाम केसाएवढी फट ठेवली, तर हवा तो बॉल पॉकेटमध्ये जायची शक्यता वाढते. सिद्ध कसं करणार? म्हणून अनेक स्पर्धांत रॅक पंच लावतो, किंवा पातळ प्लास्टिकचा साचा वापरतात.

माझं मत स्पष्ट आहे. "मी प्रामाणिक आहे" एवढ्यानं भागत नाही. ज्याचा फायदा, त्याच्याच हातात मांडणी नको. तुमच्या वजनकाट्याचा आकडा गिऱ्हाइकाला दिसतो का? भागीदाराला हिशोबाची वही कधीही उघडता येते का? नसेल, तर आजच बदला. विश्वास मागू नका, तपासू द्या.